नैराश्यावरील उपचारात अँटिसायकोटिक औषधांची जोड

नैराश्यविरोधी औषध पुरेशा मात्रेत व पुरेसा काळ घेऊनही ज्या रुग्णाला अपेक्षित आराम पडलेला नाही, त्याचे ते औषध न थांबवता सोबत कमी मात्रेत एखादे अँटिसायकोटिक, म्हणजे चित्तविकृतीविरोधी, औषध देण्याच्या पद्धतीस अँटिसायकोटिक जोड-उपचार असे म्हणतात. मूळ औषध बदलणे, दोन नैराश्यविरोधी औषधे एकत्र देणे किंवा लिथियमची जोड देणे हे या पद्धतीला पर्याय आहेत. ॲरिपिप्राझोल, क्वेटियापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, ब्रेक्सपिप्राझोल आणि कॅरिप्राझिन ही यासाठी वापरली जाणारी प्रमुख औषधे होत.

ही औषधे मुळात छिन्नमनस्कता व उन्माद यांसाठी विकसित झाली. नैराश्यात ती दिली म्हणजे रुग्णाला छिन्नमनस्कता झाली आहे असा अर्थ होत नाही. तरीही औषधाच्या वेष्टनातील माहितीपत्रकात त्या आजाराचे नाव पाहून रुग्ण किंवा नातेवाईक धास्तावतात आणि कोणाला न विचारता गोळ्या बंद करतात. त्यामुळे औषध सुरू करतानाच त्याचे कारण स्पष्ट करणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

या जोडीचा फायदा अनेक प्रयोगांत सिद्ध झाला असला, तरी तो मध्यम स्वरूपाचा आहे. वजनवाढ, अस्वस्थता आणि चयापचयातील बिघाड हे दुष्परिणाम मात्र बरेच नियमितपणे आढळतात. ही जोड कोणाला, कधी आणि किती काळ द्यावी यावर मानसोपचारात चाललेल्या चर्चेचे मूळ या असमतोलात आहे.

पार्श्वभूमी

नैराश्याच्या औषधोपचारात ‘प्रतिसाद’ आणि ‘लक्षणमुक्ती’ या दोन संज्ञा वेगळ्या आहेत. मोजपट्टीवरील लक्षणांचे गुण निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले तर प्रतिसाद मिळाला असे म्हणतात. लक्षणे इतकी कमी झाली की व्यक्ती जवळजवळ पूर्ववत झाली, तर ती लक्षणमुक्ती. प्रतिसाद मिळूनही झोप, उत्साह, एकाग्रता किंवा आत्मविश्वास परत न आलेले रुग्ण पुष्कळ असतात आणि अशा उरलेल्या लक्षणांमुळे आजार उलटण्याची शक्यता वाढते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या निधीतून झालेल्या ‘स्टार-डी’ या अभ्यासात सुमारे ४,००० रुग्णांना प्रथम सिटॅलोप्रॅम देण्यात आले. त्यांपैकी साधारण एकतृतीयांश रुग्णच पहिल्या टप्प्यात लक्षणमुक्त झाले. चार टप्पे पूर्ण केल्यास एकूण प्रमाण ६७ टक्क्यांपर्यंत पोहोचेल असा अंदाज २००६ साली मांडला गेला. परंतु त्याच माहितीचे पुनर्विश्लेषण करून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात हे प्रमाण सुमारे ३५ टक्के दाखवले गेले. या दोन आकड्यांवरील वाद मिटलेला नाही. पहिले औषध बहुसंख्य रुग्णांना पुरे पडत नाही, एवढा मुद्दा मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे. अँटिसायकोटिक जोडीची चाचणी ‘स्टार-डी’मध्ये झालीच नव्हती, त्या अभ्यासाची आखणी झाली तेव्हा हा पर्याय अद्याप बाल्यावस्थेत होता.

साधारणपणे दोन वेगवेगळी नैराश्यविरोधी औषधे योग्य मात्रेत सहा ते आठ आठवडे घेऊनही उपयोग न झाल्यास त्यास उपचार-प्रतिरोधी नैराश्य म्हणतात. ही व्याख्या सोयीची असली तरी तिच्यावर टीका होते, कारण तिच्यात मानसोपचाराचा, म्हणजे बोलून होणाऱ्या उपचाराचा, विचार नसतो.

इतिहास

नैराश्यविरोधी आणि चित्तविकृतीविरोधी औषधांचे नाते या दोन्ही औषधवर्गांच्या जन्मापासूनचे आहे. क्लोरप्रोमाझिनचा मानसोपचारातील वापर १९५२ साली पॅरिसमध्ये सुरू झाला. त्याच्याशी रासायनिक रचनेत साम्य असलेले इमिप्रामिन स्वित्झर्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ रोलंड कून यांनी प्रथम छिन्नमनस्कतेच्या रुग्णांवर वापरून पाहिले. तेथे त्याचा विशेष उपयोग झाला नाही. नैराश्यात मात्र ते गुणकारी ठरले आणि १९५७ साली त्यांनी तसे जाहीर केले. आधुनिक नैराश्यविरोधी औषधांच्या मोठ्या शाखेचा उगम असा एका फसलेल्या अँटिसायकोटिकमध्ये आहे.

१९६०च्या दशकात अमिट्रिप्टिलिन आणि परफेनाझिन यांची एकत्रित गोळी अमेरिकेत प्रचलित झाली. चिंता, तगमग व नैराश्य एकत्र असलेल्या रुग्णांना ती दिली जाई. पुढे जुन्या पिढीतील अँटिसायकोटिक औषधांमुळे तोंड, जीभ व हातापायांच्या कायमस्वरूपी अनैच्छिक हालचाली उद्भवू शकतात हे जसजसे लक्षात आले, तसतसा साध्या नैराश्यात त्यांचा वापर मागे पडला. भ्रम आणि भास असलेल्या तीव्र नैराश्यात मात्र तो टिकून राहिला.

१९९०च्या दशकात रिस्पेरिडोन, ओलान्झापिन व क्वेटियापिन ही दुसऱ्या पिढीतील औषधे आली. हालचालींवरील त्यांचा दुष्परिणाम तुलनेने कमी असल्याने जुना विचार पुन्हा वर आला. १९९९ साली सेरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधांना अपुरा प्रतिसाद देणाऱ्या ८ रुग्णांना रिस्पेरिडोनची जोड दिल्याचा छोटा अहवाल प्रसिद्ध झाला. २००१ साली फ्लुऑक्सेटिन व ओलान्झापिन एकत्र दिल्याचा २८ रुग्णांवरील नियंत्रित प्रयोग प्रकाशित झाला. दोन्ही अभ्यास लहान होते, पण त्यांतूनच औषध कंपन्यांनी पुढील मोठे प्रयोग हाती घेतले.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ साली ॲरिपिप्राझोलला नैराश्यातील जोड-औषध म्हणून मान्यता दिली. या उपयोगासाठी मान्यता मिळालेले ते पहिले अँटिसायकोटिक होते. त्यानंतर २००९ साली उपचार-प्रतिरोधी नैराश्यासाठी ओलान्झापिन-फ्लुऑक्सेटिन ही संयुक्त गोळी आणि दीर्घ-मुक्त क्वेटियापिन, २०१५ साली ब्रेक्सपिप्राझोल व २०२२ साली कॅरिप्राझिन यांना मान्यता मिळाली. रिस्पेरिडोनचा उपयोग होत असला तरी नैराश्यासाठी त्यास अशी मान्यता नाही. जपानमध्ये ॲरिपिप्राझोलला २०१३ साली मान्यता मिळाली. युरोपीय संघात नैराश्यातील जोडीसाठी क्वेटियापिन मान्य आहे, ॲरिपिप्राझोल नाही.

जोड देण्यापूर्वीची तपासणी

औषध लागू पडले नाही असे वाटणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे नैराश्य प्रतिरोधी असतेच असे नाही. गोळ्या मध्येच बंद करणे, मात्रा कमी असणे किंवा दोन-तीन आठवड्यांतच औषध निरुपयोगी ठरवणे ही अपयशाची नेहमीची कारणे आहेत. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, मद्यपान, झोपेतील श्वासरोध, दीर्घकालीन वेदना तसेच काही अन्य औषधे यांमुळेही नैराश्य हटत नाही. घरातील हिंसा, कर्ज किंवा बेकारी यांसारखी कारणे चालू असतील, तर गोळी वाढवून फारसे हाती लागत नाही.

सर्वांत महत्त्वाची शंका द्विध्रुवीय विकाराची असते. पूर्वी कधी काही दिवस झोपेची गरज कमी होणे, अतिउत्साह, वायफळ खर्च किंवा अखंड बडबड असे घडले होते का, हे रुग्णाबरोबरच घरच्यांनाही विचारावे लागते, कारण रुग्णाला तो काळ आजाराचा वाटत नाही. द्विध्रुवीय नैराश्यात क्वेटियापिन किंवा कॅरिप्राझिन ही औषधे एकटीही दिली जातात. तो वेगळा उपचार असून प्रस्तुत लेखाचा विषय नाही.

कार्यपद्धती

ही जोड नेमकी कशी काम करते याविषयी एकमत नाही. बहुतेक अँटिसायकोटिक औषधे मेंदूतील डोपामिनच्या डी-२ ग्राहींना अडवतात. ॲरिपिप्राझोल, ब्रेक्सपिप्राझोल आणि कॅरिप्राझिन ही औषधे मात्र या ग्राहींना पूर्ण न अडवता अंशतः उत्तेजित करतात, म्हणजे डोपामिन अधिक असेल तेथे त्याचा परिणाम कमी करतात आणि कमी असेल तेथे थोडा वाढवतात. याशिवाय सेरोटोनिनच्या काही ग्राहींवरील त्यांच्या क्रियेमुळे मूळ नैराश्यविरोधी औषधाच्या परिणामास बळ मिळते, असे मानले जाते. क्वेटियापिनपासून शरीरात तयार होणारा नॉरक्वेटियापिन हा घटक नॉरॲड्रेनालिनचे पुनर्शोषण रोखतो, म्हणजे तो स्वतःच नैराश्यविरोधी औषधासारखा वागतो. क्वेटियापिनमुळे झोप सुधारते आणि मोजपट्टीवरील काही गुण केवळ त्यामुळेही कमी होतात, असा आक्षेप घेतला जातो.

मात्रा छिन्नमनस्कतेतील मात्रेपेक्षा सहसा कमी असते. ॲरिपिप्राझोल छिन्नमनस्कतेत साधारण १० ते १५ मिलिग्रॅम व क्वचित ३० मिलिग्रॅमपर्यंत दिले जाते. जोड म्हणून ते २ किंवा ५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. दीर्घ-मुक्त क्वेटियापिनची जोडीतील मात्रा दररोज १५० ते ३०० मिलिग्रॅम असते. फ्लुऑक्सेटिन व पॅरॉक्सेटिन ही औषधे यकृतातील एका विकराला अडवत असल्याने त्यांच्यासोबत ॲरिपिप्राझोलचे रक्तातील प्रमाण वाढते. तंबाखूच्या धुरामुळे ओलान्झापिनचे प्रमाण घटते, म्हणून धूम्रपान अचानक सोडणाऱ्या रुग्णात नेहमीचीच मात्रा जास्त ठरू शकते.

परिणामकारकता

ॲरिपिप्राझोलच्या मान्यतेचा आधार ठरलेल्या प्रयोगांची रचना साधारण सारखी होती. आधी आठ आठवडे सर्वांना नैराश्यविरोधी औषध देऊन ज्यांना पुरेसा आराम पडला नाही त्यांनाच निवडले गेले. नंतर सहा आठवडे निम्म्यांना ॲरिपिप्राझोल व निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषधी गुण नसलेली गोळी, देण्यात आली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात लक्षणमुक्तीचे प्रमाण अनुक्रमे २६ व १५.७ टक्के होते. २००८ सालच्या दुसऱ्या प्रयोगात ते २५.४ व १५.२ टक्के होते. ० ते ६० गुणांच्या मोजपट्टीवर दोन गटांतील सरासरी फरक सुमारे ३ गुणांचा होता. हा फरक योगायोगाचा नाही हे सांख्यिकीने दाखवता येते. रोजच्या जगण्यात तो किती जाणवतो हे त्यावरून कळत नाही.

दुसऱ्या पिढीतील औषधांच्या १६ प्रयोगांचे व सुमारे ३,५०० रुग्णांचे संकलित विश्लेषण २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यात जोड मिळालेल्यांपैकी ३०.७ टक्के आणि प्लासिबो मिळालेल्यांपैकी १७.२ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. याचा ढोबळ अर्थ असा, की आठ-नऊ रुग्णांना जोड दिल्यास त्यांतील एकाला जोडीमुळे अधिकची लक्षणमुक्ती मिळते. उरलेल्यांपैकी काही जोडीशिवायही सुधारले असते आणि बहुतेक जोडीनेही लक्षणमुक्त होत नाहीत. दुष्परिणामांमुळे उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण जोड-गटात ९.१ टक्के, तर प्लासिबो-गटात २.३ टक्के होते. २०१३ सालच्या आणखी एका विश्लेषणाने लक्षणांतील सुधारणा मान्य केली, परंतु जीवनाची गुणवत्ता व दैनंदिन कामकाज यांत फायदा अत्यल्प किंवा शून्य असल्याचे नोंदवले. प्रयोगांचा कालावधी सहसा चार ते बारा आठवड्यांचा होता आणि बहुतेकांना औषध कंपन्यांचे अर्थसाहाय्य होते, याकडेही टीकाकार लक्ष वेधतात.

प्लासिबोशी तुलना करून रुग्णाच्या खऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्याला जाणून घ्यायचे असते ते ‘हे की दुसरे काही’. या दृष्टीने कंपन्यांच्या निधीविना झालेले दोन अमेरिकी अभ्यास मोलाचे आहेत.

पहिला अभ्यास माजी सैनिकांच्या ३५ रुग्णालयांत झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. १,५२२ रुग्णांपैकी काहींचे औषध बदलून ब्युप्रोपिऑन दिले, काहींना ब्युप्रोपिऑनची व काहींना ॲरिपिप्राझोलची जोड दिली. बारा आठवड्यांनी लक्षणमुक्तीचे प्रमाण अनुक्रमे २२.३, २६.९ व २८.९ टक्के होते. औषध बदलण्यापेक्षा ॲरिपिप्राझोलची जोड सरस ठरली, मात्र दोन जोडींतील फरक महत्त्वाचा ठरला नाही. रुग्णांमध्ये बहुसंख्य मध्यमवयीन पुरुष होते, त्यामुळे हे निष्कर्ष तरुण स्त्रियांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

दुसरा अभ्यास साठ वर्षांवरील रुग्णांचा असून तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या टप्प्यातील ६१९ रुग्णांत ॲरिपिप्राझोल जोडीने २८.९ टक्के, ब्युप्रोपिऑन जोडीने २८.२ टक्के आणि औषध बदलून १९.३ टक्के लक्षणमुक्त झाले. लक्षणमुक्तीत दोन्ही जोडी जवळजवळ सारख्या असल्या, तरी तोल जाऊन पडण्याचे प्रमाण ब्युप्रोपिऑन जोडीत सर्वाधिक होते. वृद्धापकाळी एका पडण्याने मांडीचे हाड मोडून माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो, त्यामुळे वरकरणी दुय्यम वाटणारी ही नोंद निवड ठरवू शकते.

लिथियम ही १९८१ पासून अभ्यासली गेलेली जुनी जोड आहे. इंग्लंडमध्ये २१२ रुग्णांवर वर्षभर झालेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत लक्षणांचा एकूण भार कमी करण्यात क्वेटियापिन लिथियमपेक्षा सरस आढळले. उलट, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ६७६ रुग्णांच्या प्रयोगात नाकावाटे दिलेल्या एस्केटामिनने आठव्या आठवड्यात २७.१ टक्के, तर क्वेटियापिनच्या जोडीने १७.६ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. या प्रयोगात कोणते औषध मिळत आहे हे रुग्णांना ठाऊक होते.

भ्रम व भास असलेले नैराश्य

काही तीव्र नैराश्यांत ‘माझे आतडे सडले आहे’, ‘घरावर जप्ती येणार आहे’, ‘माझ्या पापामुळे सारे कुटुंब नष्ट होणार’ अशा ठाम चुकीच्या समजुती किंवा दूषणे देणारे आवाज असतात. अशा नैराश्यात आत्महत्येचा धोका अधिक असतो. येथे अँटिसायकोटिक ही नंतरची जोड नसून सुरुवातीपासूनचा घटक असते आणि पुरावाही अधिक भक्कम आहे.

१९८५ सालच्या एका लहान प्रयोगात ५१ रुग्णांपैकी केवळ परफेनाझिन मिळालेल्यांत १९ टक्के, केवळ अमिट्रिप्टिलिन मिळालेल्यांत ४१ टक्के आणि दोन्ही मिळालेल्यांत ७८ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या २५९ रुग्णांच्या प्रयोगात ओलान्झापिन व सर्ट्रालिन एकत्र घेणाऱ्यांपैकी ४१.९ टक्के, तर ओलान्झापिन व प्लासिबो घेणाऱ्यांपैकी २३.९ टक्के लक्षणमुक्त झाले. पुढे त्याच गटाने बऱ्या झालेल्या १२६ रुग्णांवर केलेल्या, २०१९ सालच्या प्रयोगात ओलान्झापिन काढून घेतल्यावर ३६ आठवड्यांत ५४.८ टक्के रुग्णांचा आजार उलटला. ते चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण २०.३ टक्के होते. या प्रकारात विद्युत-आघात उपचारही अतिशय गुणकारी आहे. बोलीभाषेत त्याला ‘शॉक’ म्हणतात आणि त्याच्याविषयी भीती मोठी आहे. भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार तो भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय देता येत नाही.

दुष्परिणाम

ॲरिपिप्राझोलसारख्या औषधांचा सर्वांत त्रासदायक दुष्परिणाम म्हणजे अकॅथिसिया. यात आतून इतकी तगमग होते की रुग्णाला एका जागी बसवत नाही. तो येरझाऱ्या घालतो, पाय सतत हलवतो, रात्री अंथरुणावर पडून राहणेही त्याला असह्य होते. ॲरिपिप्राझोलच्या नैराश्यातील प्रयोगांत २५ टक्के रुग्णांत अकॅथिसिया आढळला. प्लासिबो-गटात तो ४ टक्के होता. नैराश्याच्या रुग्णात हा दुष्परिणाम ओळखणे कठीण जाते. घरच्यांना आणि कधी डॉक्टरांनाही आजारच वाढला असे वाटते, मात्रा वाढवली जाते आणि त्रास आणखी बळावतो. तीव्र अकॅथिसियात आत्महत्येचे विचार येऊ शकतात. जोड सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत नवी अस्वस्थता दिसल्यास ती औषधाची असू शकते हे रुग्णाला आधीच सांगितलेले असावे लागते. मात्रा कमी करणे किंवा औषध थांबवणे हा त्यावरचा पहिला उपाय होय. काही वेळा प्रोप्रॅनोलॉल दिले जाते.

ओलान्झापिन व क्वेटियापिन यांच्याबाबत चित्र वेगळे असते. त्यांच्यामुळे गुंगी येते, भूक वाढते आणि वजन वाढते. ओलान्झापिनमुळे वजन सर्वाधिक वाढते. रक्तातील साखर व चरबी वाढून मधुमेह होण्याची शक्यता असते. हा मुद्दा भारतीय रुग्णांच्या बाबतीत अधिक गंभीर ठरतो, कारण दक्षिण आशियाई लोकांत तुलनेने कमी वजनावरही मधुमेह जडतो. म्हणूनच त्यांच्यासाठी कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर अशी धरली जाते. रिस्पेरिडोनमुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून पाळी अनियमित होणे, स्तनातून दूध येणे किंवा कामेच्छा कमी होणे असे त्रास होतात आणि संकोचापायी ते बहुधा सांगितले जात नाहीत.

उशिरा उद्भवणाऱ्या अनैच्छिक हालचाली, म्हणजे टार्डिव्ह डिस्किनेसिया, नव्या औषधांत कमी आढळत असल्या तरी नाहीशा झालेल्या नाहीत. वृद्ध रुग्ण व दीर्घकाळ उपचार यांत त्यांचा धोका वाढतो. औषध बंद केल्यावरही त्या कायम राहू शकतात. ताप, स्नायूंचा ताठरपणा व शुद्ध हरपणे अशी लक्षणे असलेला न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम अत्यंत विरळ पण प्राणघातक असून त्यासाठी तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. ॲरिपिप्राझोलमुळे काही व्यक्तींत जुगार, खरेदी, खाणे किंवा लैंगिक वर्तन यांची अनावर ओढ निर्माण होते, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २०१६ साली दिला. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या औषधवर्गामुळे मृत्यूचे प्रमाण वाढते, हा इशारा २००५ पासून वेष्टनावर ठळक चौकटीत छापला जातो.

मृत्यूच्या धोक्याचा प्रश्न केवळ वृद्धांपुरता नसावा, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात्मक अभ्यासाने सुचवले. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्यातील २५ ते ६४ वयाच्या सुमारे ३९,५०० रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या. दुसरे नैराश्यविरोधी औषध जोडलेल्यांच्या तुलनेत अँटिसायकोटिक जोडलेल्यांत मृत्यूचा धोका ४५ टक्क्यांनी अधिक दिसला. प्रत्यक्ष आकड्यात ही वाढ दर १०,००० रुग्ण-वर्षांमागे सुमारे ३८ मृत्यू इतकी होती. निरीक्षणात्मक अभ्यासात अधिक आजारी रुग्णांनाच जोड मिळाली असण्याची शक्यता पूर्णपणे काढून टाकता येत नाही, त्यामुळे या निष्कर्षाकडे सिद्ध कार्यकारणभाव म्हणून पाहिले जात नाही.

देखरेख व कालावधी

औषध सुरू करण्यापूर्वी वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि रक्तातील चरबी यांची नोंद करावी, बारा आठवड्यांनी रक्ततपासण्या पुन्हा कराव्यात आणि नंतर ठरावीक काळाने त्या चालू ठेवाव्यात, अशी शिफारस आहे. वजन मात्र पहिले तीन महिने दर महिन्याला पाहावे लागते. वजनकाटा घरात किंवा जवळच्या दवाखान्यात असतोच. या साध्या नोंदीवरूनही पुढचा मोठा त्रास वेळीच लक्षात येतो.

चार ते आठ आठवड्यांत स्पष्ट फायदा न दिसल्यास जोड काढून टाकणे इष्ट समजले जाते. व्यवहारात असे नेहमी घडत नाही. एक औषध वाढवणे सोपे असते, काढण्याचा निर्णय मात्र पुढच्या भेटीवर ढकलला जातो आणि उपयोग नसलेली गोळीही वर्षानुवर्षे चालू राहते.

फायदा झाला असल्यास किती काळ द्यावे, याचे उत्तर प्रयोगांतून अपुरेच मिळते. रिस्पेरिडोनच्या एका प्रयोगात जोड चालू ठेवलेल्या व काढून घेतलेल्या रुग्णांत आजार उलटण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. ओलान्झापिन-फ्लुऑक्सेटिनच्या प्रयोगात मात्र जोड चालू ठेवणाऱ्यांना फायदा झाला. त्यामुळे औषध, पूर्वीच्या आजाराची तीव्रता आणि दुष्परिणाम पाहून निर्णय घेतला जातो. बंद करताना मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात. क्वेटियापिन एकाएकी थांबवल्यास निद्रानाश व मळमळ होऊ शकते. गर्भधारणेचा विचार असलेल्या किंवा गर्भवती स्त्रीने औषध स्वतःहून थांबवू नये, तसेच डॉक्टरांना न सांगता चालूही ठेवू नये.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य व काळजी उत्कृष्टता संस्थेच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही जोड मानसोपचारतज्ज्ञांच्या सेवेत किंवा त्यांच्या सल्ल्यानेच सुरू करावी. त्याच तत्त्वांत मानसोपचाराची भर घालणे हाही पुढचा पर्याय म्हणून दिला आहे.

भारतातील स्थिती

२०१५-१६ सालच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात दर वीस प्रौढांपैकी सुमारे एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य होते आणि त्यांतील बहुसंख्यांना कोणताही उपचार मिळत नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने केलेल्या या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. उपचारच न मिळणे हा मोठा प्रश्न असताना जोड-उपचाराची चर्चा चैनीची वाटू शकते. परंतु ज्यांना उपचार मिळतो त्यांच्या चिठ्ठीत दोन-तीन मनोविकार औषधे एकत्र असणे भारतात सर्रास आढळते, आणि येथील बाजारात ओलान्झापिन-फ्लुऑक्सेटिनसारख्या संयुक्त गोळ्या अनेक नावांनी उपलब्ध आहेत. संयुक्त गोळीत एका औषधाची मात्रा स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येत नाही, आणि आपण अँटिसायकोटिक घेत आहोत हे रुग्णाला कळतही नाही.

याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे ‘डीॲन्झिट’ या नावाने विकली जाणारी गोळी. तिच्यात फ्लुपेंटिक्सॉल हे अँटिसायकोटिक ०.५ मिलिग्रॅम व मेलिट्रासेन हे नैराश्यविरोधी औषध १० मिलिग्रॅम असे. चिंता, मरगळ, पोटाच्या तक्रारी अशा नाना कारणांसाठी ती दिली जाई. मूळ कंपनी डेन्मार्कची असली तरी खुद्द त्या देशात ही गोळी विकली जात नव्हती. २०१२ साली संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपल्या ५९व्या अहवालात या औषधाला भारतात मान्यता कशी मिळाली यावर प्रश्न उपस्थित केले आणि जून २०१३ मध्ये केंद्र सरकारने त्याचे उत्पादन व विक्री स्थगित केली.

अँटिसायकोटिक औषधे भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला आपल्या उपचारांची व त्यांच्या संभाव्य दुष्परिणामांची माहिती समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे नवी गोळी कोणत्या वर्गातली आहे, तिचा उपयोग किती आठवड्यांत दिसायला हवा आणि न दिसल्यास ती कधी बंद होणार, हे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू असून तेथे मराठीतूनही बोलता येते.